फेट्यापर्यंत आलेला जावई

मला कापसाचा फोटो बघवत नाही. कापूस बघवतो. वावरात फुटलेला, ओच्यात भरलेला, ओसरीवर ढीग घातलेला, पोरांनी त्यात उड्या मारून मळवलेला, सगळा बघवतो. पण कॅलेंडरवर, बियाण्याच्या पाकिटावर, मोबाइलवर, कुठंही पांढरंशुभ्र बोंड आणि त्यामागं दात काढून हसणारा फेटेवाला दिसला की माझं डोकं फिरतं. घरचे म्हणतात, एवढं काय आहे त्यात? आहे एवढं. सांगते.

यंदा भाऊबीज झाली, पाहुणे पांगले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच मी वावरात गेले. धुई पडली होती. पऱ्हाटी, म्हणजे कापसाचं झाड, कमरेच्या वर आलेलं, आणि भिजलेली पानं साडीला चिकटत होती. लांबून सगळं हिरवंगार. जवळ गेले तर एक फूल उमललेलंच नव्हतं. पाकळ्या एकमेकींना घट्ट चिकटून, गुलाबाच्या कळीसारख्या आवळून बसलेल्या. आमच्याकडं हिला डोमकळी म्हणतात. आत अळी असते, ती आतून दार शिवून घेते. मी कळी बोटांत चुरगळली. गुलाबी, गुबगुबीत, माझ्याच खर्चानं पोसलेली. म्हटलं, "आली का वं बाई? ये. तुझीच कमी होती."

आणि तो हंगाम आठवला. आठवला म्हणजे काय, तो गेला कधी होता? कुजक्या बोंडाचा वास एकदा नाकात बसला की तिथंच बिऱ्हाड करतो.

आमचं गाव बीबी गावापासून आत, आणि गावापासून आत माझं वावर, नाल्याकाठी खोलगटात. आमचे हे चिखलीच्या रस्त्यावर जीप चालवतात, त्यामुळं वावर पाहायचं ते मीच. धुऱ्यापलीकडचं, म्हणजे बांधापलीकडचं, वावर झुबेदाभाभीचं. तिचा नवरा आठवडी बाजारांतून बांगड्या विकत फिरतो, म्हणजे तिचंही वावर तिनंच पाहायचं. धुऱ्यावर एक हिवराचं झाड आहे. त्याच्या सावलीत आम्ही दोघी इतकी वर्षं भाकरी खात आलो की त्या झाडालाही आमच्या सासवांच्या खोड्या पाठ असतील. भाभीची जीभ कोयत्याची. माझीही काही कमी नाही. त्यामुळं जमतं.

त्या वर्षी बियाणं बीटीच होतं. दुसरं मिळतच कुठं होतं? दुकानदार छातीवर हात ठेवून सांगत होता, "ताई, अळीचं नाव काढू नका. अळीनं ह्याले तोंड लावलं का मेलीच समजा." अळीनं तोंड लावलं, फूल खाल्लं, बोंड पोखरलं, सरकी खाल्ली, आणि मजेत राहिली. बोंड फुटायचं नाही. फुटलं तर अर्धं, आत पिवळट कवडी, म्हणजे किडका कापूस, चिकटलेली, वेचायला गेलं की बोटांची सालं निघायची. वेचणाऱ्या बायांनी यायचं बंद केलं. त्यांचंही बरोबर होतं, वेचायला आधी कापूस तर पाहिजे. पाकिटावरचं बोंड मात्र शेवटपर्यंत टवटवीत होतं. मी ते पाकीट चुलीत घातलं.

पण खरी गोष्ट कापसाची नव्हतीच. कापूस गेला होता, त्यावर मी एक दिवस रडून मोकळी झाले होते. खरी गोष्ट जमिनीत होती. परतीचा पाऊस उशिरा आणि दणकून झाला होता, आणि पऱ्हाटीच्या मुळाशी ओल होती. मला विहीर नाही. जे काही करायचं ते त्या ओलीवर. पऱ्हाटी उपटायची, वखर फिरवायचा, हरभरा टाकायचा. वेळेत टाकला तर वर्ष निभावतं. ओल पाहायची आमची एकच रीत: वीतभर उकरायचं, मूठभर माती घ्यायची आणि दाबायची. मूठ उघडल्यावर लाडू राहिला तर पेरा. लाडूला भेग गेली तर घाई करा. माती भुरभुर सुटली तर घरी जा आणि भाकरी थापा. त्या दिवसांत मी वावरात पोचले की आधी लाडू वळायचे, मग बाकीचं. लाडू छान वळत होता.

आणि नेमका तेव्हाच तो हुकूम आला. भरपाई हवी तर नुकसानीची नोंद मोबाइलवरच करायची. शेतकऱ्यानं वावरात उभं राहायचं, सरकारचं नोंदीचं पान उघडायचं, त्या पानातूनच पिकाचा फोटो काढायचा. फोटो कुठं काढला, ते ठिकाण पान आपोआप टिपून घेणार. मग कोणीतरी येऊन पाहणी करणार. तोवर पीक उपटायचं नाही. उपटलं की नोंद बाद. पारावर येऊन सांगणारा इतका खूश होता, जणू घरात पाळणा हलला. म्हणे, आता तालुक्याला खेटे नाहीत! अरे, खेटे परवडले. खेट्यांत निदान समोर माणूस असतो. त्याच्यावर ओरडता येतं, त्याला टेबलावरून उठवता येतं. मोबाइलवर ओरडलं की लोक आपल्यालाच वेडी म्हणतात.

खोलगटात रेंज म्हणजे नावालाच. फोन लागायचा, पण बोललेलं निम्मं नाल्यात वाहून जायचं. पान तर उघडायचंच नाही. रेंज होती ती गावाच्या वरच्या अंगाला, बरडावर. बरड म्हणजे मुरमाड गायरान, कुसळं आणि दगड. शेळ्यासुद्धा तिथं नाइलाजानं चरतात. पण टॉवरचं तोंड तिकडं. झालं, अख्खा गाव सकाळी उठून बरडावर. एक हात कमरेवर, एक हात फोनसकट वर. लांबून पाहणाऱ्याला वाटलं असतं, या गावानं शरणागती पत्करली. तसंच होतं म्हणा.

आता त्या पानाचं कौतुक ऐका. पान उघडायला लागलं की आधी फुलांची एक माळ हलायची. मग 'आपले सहर्ष स्वागत आहे' हे शब्द उजवीकडून डावीकडे सरकायचे, बाहेर जायचे, परत यायचे, परत सरकायचे. मग फोटो. पानभर मोठा फोटो, वरून खाली पट्ट्यापट्ट्यानं उतरायचा. आधी निळं आभाळ. आभाळच इतका वेळ चालायचं की वाटायचं, आभाळाचीच नोंद करायची असेल. मग केशरी फेटा. मग कपाळाची एक कड. आणि तिथं गाडी अडायची. नोंदवायचं बटण त्या फोटोच्या खाली आहे, असं ज्यांना एकदा दिसलं होतं ते सांगायचे. फोटो पुरा उतरल्याशिवाय ते दिसायचं नाही. खाली काय असणार ते आम्हाला बियाण्याच्या पाकिटावरून पाठ होतं, हसणारं तोंड आणि ओंजळीत कापूस.

"या अल्ला," झुबेदाभाभी पहिल्याच दिवशी म्हणाली, "हा तं जावईबापू निंगला! येतो येतो म्हनते अन् वेशीतच रुसून बसते."

तेव्हापासून तो जावई. बरडावर चढताना भाभी खालूनच ओरडायची, "आले का वं जावईबापू?"

"फेट्यापर्यंत आले!"

"मंग मांड पाट. पाय धू त्यायचे."

हसायचो आम्ही. हसत नसतो तर दगड उचलला असता. मधेच कोणाचा फोन आला की पान गायब, पुन्हा माळ, पुन्हा स्वागत, पुन्हा आभाळ. मी ह्यांना ताकीद दिली होती की दिवसा फोन करायचा नाही. एके दिवशी काय नवल, फेटा आला, कपाळ आलं, भुवया आल्या, नाकाचं टोक आलं. बाया श्वास धरून माझ्याभोवती गोळा झालेल्या. आणि चिखलीच्या स्टँडवरून ह्यांचा फोन, "जेवली का वं?" त्या गरीब माणसाला मी जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. लग्नानंतर त्यांनी कधी नव्हे ते प्रेमानं विचारलं होतं.

शेवटी पान उघडलं, कोणाचं पहाटेच्या गारठ्यात, कोणाचं भर दुपारी. आणि उघडल्यावर ते म्हणालं, पिकाचा फोटो काढा. तिथल्या तिथं. आता बरडावर पीक कुठलं? खाली वावरात धावत जावं तर पान मिटतं. वर यावं तर पीक नाही. भाभीनं पदर खोचला.

"रेंज वावरात येत नाई ना? मंग वावर रेंजमधी नेऊ."

हसू नका. तुम्ही तिथं असता तर तुम्हीही हेच केलं असतं. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघींनी आपापल्या वावरातल्या दोन-चार किडक्या पऱ्हाट्या मुळांसकट खणून काढल्या, मुळं ओल्या पोत्यात गुंडाळली, डोक्यावर घेतल्या आणि बरडावर नेऊन खुरप्यानं त्या मुरमात लावल्या. वाळू नयेत म्हणून कळशीनं पाणी घातलं. त्यात खोटं काय होतं? झाडं आमची, अळी आमची, नुकसान आमचं. जागा तेवढी टॉवरची. आमचं पाहून बाकीच्यांनी आणली. त्या बरडानं जन्मात हिरवं पान धरलं नव्हतं, पण त्या सकाळी तिथं पऱ्हाटीचा मळा उभा होता. जत्रेसारखी माणसं, फोन वर केलेले, पायाशी सडकी बोंडं. पान ते ठिकाणही टिपून घेतं हे सगळ्यांनी ऐकलं होतं. पण ठिकाण म्हणजे आपलं गाव, असंच सगळे समजले. कागदावर गावाचं नाव लिहितात ना, तसं.

माझा फोटो गेला. पानावर अक्षरं उमटली. भाभीला मराठी वाचायचा कंटाळा, तिनं मला मोठ्यानं वाचायला लावलं: आपली नोंद झाली आहे, पाहणी होईपर्यंत पीक काढू नये.

"पाहनी कधी होईन?" भाभीनं विचारलं.

"ते नाही लिहिलं."

"स्वागत दहादा लिहिलं. हे एकदा लिहाले काय झालतं?"

दुसऱ्या दिवशी धुऱ्यापलीकडं सपासप आवाज. भाभी, तिची लेक आणि दोन बाया पऱ्हाट्या उपटत होत्या. मी धावत गेले.

"भाभी, अहो, नोंद बाद होईल!"

"होऊ दे बाद." ती मान वर न करता म्हणाली. "ताई, ओल काई त्या पानाची वाट पाहून नाई राह्यली. म्या जावयाचं लय केलं. आता पोटचं पाहतो."

"पण नियम आहे."

"नियम त्याले लाव ज्यानं हे मिटनारं पान बनवलं."

मी नाही उपटलं. मी का नाही उपटलं याचं उत्तर सोपं आहे: मला सांगितलं होतं उपटू नका म्हणून. सांगितलेलं ऐकणाऱ्या माणसाला या देशात बावळट म्हणायची पद्धत आहे, ती मला मान्य नाही. सांगणाऱ्यानं शब्द पाळायचा असतो, ऐकणाऱ्यानं नव्हे. मी रोज बरडावर चढायचे, पाहणी कधी ते पाहायला. आणि रोज ते पान मला नव्यानं स्वतःची ओळख करून द्यायचं. माळ, स्वागत, आभाळ, फेटा. जणू काल आलेली मी नव्हतेच. खाली येऊन माती दाबायचे. लाडूला आधी बारीक भेग आली. मग मूठ उघडताना कड ढासळायला लागली. पलीकडं भाभीच्या वावरात हरभऱ्यानं डोकं वर काढलं, ओळीच्या ओळी. माझी सडकी पऱ्हाटी ताठ उभी होती, पुरावा म्हणून. एके दिवशी मूठ उघडली तर माती बोटांतून सरळ खाली गेली.

त्यानंतर पाहणीचा माणूस आला. वावरात नाही, बरडावर. हातातल्या पाटीएवढ्या यंत्रात पाहत पाहत वर चढला आणि वाळून कोळ झालेल्या काड्यांमध्ये उभा राहिला. आम्ही सगळे धावलो.

"इथं तर शेतच नाही," तो म्हणाला. "आणि तुम्हा सगळ्यांची शेतं इथंच दाखवतंय."

म्हटलं, "साहेब, वावर खाली आहे, नाल्याकाठी. हाकेवर. चला ना. अळीसुद्धा आहे अजून, दाखवते."

"बाई, मला जिथं दाखवतं तिथंच पाहता येतं."

"अहो, पण डोळे तुमचे आहेत ना?"

तो ओशाळला. माणूस वाईट नव्हता. पाणी मागितलं, प्यायला, तांब्या पुसून परत दिला. आणि यंत्रात बोट दाबून अख्ख्या गावाच्या नोंदी बाद केल्या. कारण काय, तर चुकीचं ठिकाण. पुढं कितीतरी दिवस चिखलीच्या बाजारात आमच्या गावचं नाव सांगितलं की लोक हसायचे, बरडावर कापूस पेरणारे तुम्हीच का? ह्यांच्या जीपमध्ये बसलेल्या प्रवाशांनीही विचारलं. ह्यांनी एकाला वाटेतच उतरवला. मला ते फार आवडलं.

मी पऱ्हाटी उपटली आणि कोरड्यात हरभरा टाकला. उगवला, टकलावरच्या केसांसारखा, इथं एक तिथं एक. तेलही गेलं, तूपही गेलं, हाती आलं धुपाटणं, ही म्हण मी शाळेत पाठ केली होती. तेव्हा वाटायचं, कोणीतरी मूर्ख असेल. मूर्ख कोणी नसतं हो. धुपाटणं हातात देणारा कोणीतरी असतो.

माघात भाभी धुऱ्यावर ओंजळभर हिरवे घाटे घेऊन आली. हरभऱ्याचे, आंबट दवानं माखलेले. मी घेतले नाहीत. ती माझ्याशेजारी बसली आणि स्वतःच सोलायला लागली.

"राग माह्यावर आहे का?"

"नाही."

"मंग खा. राग असला तरी घाटे गोडच लागतात. म्या करून पाह्यलंय."

खाल्ले. गोड होते. रडू आलं, आणि ते का आलं ते आजही नीट सांगता येत नाही. आणि सोंगणीला, हरभरा कापायला, मी भाभीच्या वावरात गेले. मदतीला नाही, मजुरीनं. ती मला बायांच्या रांगेत बसू देईना, म्हणाली, तू सावलीत बस. मी म्हटलं, सावलीची मजुरी देता का? मग तिनं विळा पुढं केला. आम्ही दोघींनी शेजारी शेजारी तास, म्हणजे ओळ, धरला आणि दिवसभर सोंगत राहिलो.

तर असा तो हंगाम. त्याला काही वर्षं झाली. फोन बदलले, रेंज थोडी सुधारली, अळी तीच. आणि यंदाच्या दिवाळीला माझी भाची पल्लवी आली. चिखलीच्या भावाची मुलगी, पुण्यात नोकरीला. भाऊबीजेला बापाबरोबर आली आणि चार दिवस आत्याकडं राहते म्हणून थांबली. गुणी पोर आहे. जेवण झालं की ताट उचलते, विचारावं लागत नाही. ओसरीवर चहा पिताना मी विचारलं, "तू नेमकं करतेस काय गं?"

"आत्या, मोबाइलवर पानं लवकर उघडावीत ना, ते काम. जड पानं हलकी करायची."

मी बशी खाली ठेवली. म्हटलं, "बरं. का करावी लागतात?"

"लोक थांबत नाहीत गं. पान पटकन उघडलं नाही की वैतागतात आणि दुसरीकडे निघून जातात."

"दुसरीकडं म्हणजे कुठं?"

"दुसऱ्या पानावर. एका दुकानाचं नाही उघडलं तर दुसऱ्या दुकानाचं."

"आणि दुकान एकच असलं तर?"

असं तिला कोणी विचारलं नसावं. ज्याला दुसरीकडं जाता येतं त्याच्यासाठी यांची सगळी पळापळ. तो रुसेल, तो जाईल, त्याची मर्जी सांभाळा. जो कुठं जाऊच शकत नाही, त्याला उभं ठेवा. तो थांबतो. आम्ही थांबलो होतो की बरडावर, हात वर करून.

मी तिला सगळं सांगितलं. माळ, स्वागत, फेटा, सगळं. मला वाटलं होतं ती हसेल. ती हसली नाही. उलट तिचा चेहराच उजळला.

"आत्या! ते पान आमच्या कंपनीकडं आलंय. जुनं दुरुस्त करायला दिलंय. मीच केलं ते, दिवाळीच्या आधी."

घरात आलेल्या माणसाला आपण आधी काय देतो? पाण्याचा तांब्या. मग बस म्हणतो, मग खुशाली, मग चहा. उन्हातून आलेल्या माणसाला दारातच अडवून आपल्या लग्नाचा अल्बम उघडून दाखवत नाही. एवढं तर आमच्या गावातल्या भांडकुदळ बाईलाही कळतं. मी पल्लवीला हेच म्हटलं. ती म्हणाली, "अगदी तेच करतो आम्ही. आधी अक्षरं, मग बटण. फोटो शेवटी, लागलाच तर."

"मग आधीच्यानं का नाही केलं?"

"कोणी मुद्दाम नसेल केलं गं. मोठ्या स्क्रीनवर, ऑफिसच्या जोरदार इंटरनेटवर बनवलं असणार. तिथं फटकन उघडत असेल. त्यांना कळलंच नसणार."

हे ऐकून मला जास्त राग आला. दुष्मनीनं केलं असतं तर समजले असते. दुष्मनाला निदान आपलं नाव, गाव, वावर माहीत असतं. ही माणसं तर आमचं वर्ष बुडवून संध्याकाळी घरी गेली, जेवली, झोपली, आणि त्यांच्या मनात पापही नव्हतं. म्हणजे शिव्या द्यायच्या तर कोणाला द्यायच्या? मी ज्या रोज देत आले त्या गेल्या कुठं?

"चल," मी म्हटलं. "वावरात उघडून दाखव. इथं ओसरीवर नको."

सकाळचं ऊन कोवळं होतं. डोमकळी पाहून मी नुकतीच घरी आले होते, तशीच परत निघाले. वाटेत भाभीला हाक मारली, "भाभी, जावईबापू येणार आहेत, चला!" भाभी हातातलं काम टाकून आली. आता तिचे गुडघे दुखतात, पण जिभेला काही झालेलं नाही. आम्ही तिघी नाल्याकाठी, हिवराखाली, त्याच खोलगटात उभ्या राहिलो. पल्लवीनं स्वतःचा महागाचा फोन काढला. मी म्हटलं, तो नाही, माझा घे. माझ्या फोनच्या काचेला तडा आहे आणि तो मधेच दमतो.

तिनं बोट टेकवलं.

पान उघडलं. मी पदर सारखा करेपर्यंत उघडलं. पांढऱ्यावर काळी अक्षरं, 'पिकाचे नुकसान नोंदवा', आणि खाली हिरवं बटण. बस. दाबलं. पान म्हणालं, फोटो काढा. समोर डोमकळी होती. काढला. ठिकाण बरोबर, नाल्याकाठचं. नोंद झाली. खाली एक ओळ होती: फोटो मिळाला आहे, पीक काढण्यास हरकत नाही.

भाभी फोनमध्ये वाकून पाहत होती. "अन् जावईबापू? कुठं गेले?"

"काढून टाकले," पल्लवी हसली. "ती माळही काढली, स्वागतही काढलं. मोठा फोटोच जड होता सगळ्यात. आणि पाहणीसाठी थांबायची अट होती ना, ती आम्ही विचारली तर वरचे लगेच म्हणाले, काढा, फोटो असल्यावर कशाला हवी."

"लगेच?" मी विचारलं.

"हो."

"आणि तुला किती वेळ लागला हे सगळं करायला?"

तिनं जरा आठवलं. पोर खरं बोलते, तिचा दोष तेवढाच. "नोंदीचं पान ना? एक दुपार. जेवून बसले होते, चहा यायच्या आत झालं."

भाभी झाडाला टेकली आणि खाली बसली. नाल्यात पाणी होतं, त्याचा आवाज येत होता. पल्लवी आमच्या दोघींकडं आळीपाळीनं पाहत होती. शाबासकीची वाट पाहत होती, आणि ती तिला मिळायला हवी होती, मला कळत होतं. पण माझ्या तोंडातून निघेना. त्या बरडावरचे सगळे दिवस, ती कळशी, तो वर धरलेला हात, भाभीच्या वावरात मजुरीनं धरलेला तास, सगळं आत गोळा झालं होतं. चहा यायच्या आत!

मी खाली बसले. वीतभर उकरलं, मूठभर माती घेतली आणि दाबली. यंदा ओल चांगली आहे. लाडू झाला, एकही भेग नाही. तो मी पल्लवीच्या हातावर ठेवला.

"हे काय, आत्या?"

"एक दुपार," मी म्हटलं. "तेवढ्यापायी हा त्या वर्षी माझ्या हातून सुटला. धर."

ती लाडू धरून उभी राहिली. दाबावा की टाकावा तिला कळेना. बोटांना माती लागत होती आणि दुसऱ्या हातात फोन होता.

"आत्या, तू माझ्यावर चिडलीस का?"

"तुझ्यावर नाही वं पोरी." मी हात साडीला पुसले. "पण ज्यांच्यावर चिडायचं, त्यांच्यातलं कोणी आजवर माझ्या वावरात आलं नाही. आलीस ती तू एकटीच."